हमीकाळातील चित्रलोप

लॅपटॉपला जडणाऱ्या विकारांची वर्गवारी करायची झाल्यास त्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटात यंत्र बंद पडते आणि ते बंद पडले आहे याबद्दल कोणाचेही दुमत नसते. दुसऱ्या गटात पंखा फिरत असतो, चार्जरचा दिवा जळत असतो, यंत्र सुरू होतानाची ओळखीची धूनसुद्धा वाजते, फक्त पडद्यावर काही दिसत नाही, आणि यंत्र खरोखर बिघडले आहे की नाही यावर मालक, दुकानदार व कंपनी या तिघांची तीन मते होतात. या दुसऱ्या गटातील प्रमुख विकारास प्रस्तुत लेखात चित्रलोप असे म्हटले आहे. पडद्यावर उमटणारी प्रत्येक गोष्ट, मग ते आयकराचे विवरणपत्र असो की नातवाच्या बारशाचा फोटो, ठिपक्याठिपक्याने रचून पडद्याकडे रवाना करण्याचे काम ज्या चिपकडे असते तिला ग्राफिक्स चिप म्हणतात, आणि ही चिप कामावर येईनाशी झाली की चित्रलोप होतो. तो एकदा झाला तर त्याला बिघाड म्हणून सोडून देता येते. परंतु दुरुस्तीनंतर तो पुन्हा झाला, त्या दुरुस्तीनंतर ये रे माझ्या मागल्या म्हणत पुन्हा झाला, म्हणजे मग त्याला स्वतःची कागदपत्रे, स्वतःचे कर्मचारी आणि स्वतःची कार्यपद्धती प्राप्त होते व तो एखाद्या जुन्या शासकीय खात्याइतका स्थिर होतो.

चित्रलोप एकाएकी येत नाही. २००८ च्या जुलैमध्ये डेल कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी जी लक्षणे जाहीर केली, त्यांत एकाच चित्राच्या अनेक प्रती दिसणे, पडद्यावर भलतीच अक्षरे उमटणे, रेघा येणे आणि सरतेशेवटी काहीच न दिसणे असा क्रम आढळतो. प्रत्येक पायरीवर घरातले निदान मात्र वेगळे असते. भलती अक्षरे दिसू लागली की संगणकाचे शिक्षण घेणारा भाचा व्हायरस असल्याचे सांगतो. रेघा आल्या की तोच भाचा विंडोज नव्याने टाकावे लागेल असे म्हणतो. आणि पडदा काळा झाला की त्याची परीक्षा जवळ आलेली असते. एचपी कंपनीच्या त्या काळातील काही मॉडेलांत तर विकाराची सुरुवात चित्रापासून होतच नसे. तिथे ग्राफिक्सचे काम करणारी चिप बोर्डावरची इतर काही कामेही सांभाळत असल्यामुळे, कंपनीने दिलेल्या लक्षणांच्या यादीत वायफाय दिसेनासे होणे हेही एक लक्षण होते. साहजिकच असे मालक आरंभीचे काही आठवडे इंटरनेटवाल्याशी भांडण्यात घालवीत, आणि तो बिचारा छतावर जाऊन वायर बदलून येई.

निदानानंतर येतो तो घरगुती उपचार. पडदा एका विशिष्ट कोनात ठेवला असता चित्र परत येते, हा शोध घराघरांतून स्वतंत्रपणे लागलेला आहे, आणि तो लागल्यापासून त्या घरात पडद्याला हात लावण्यास, विशेषतः झाडलोट करताना, सक्त मनाई होते. हवा खेळती राहावी म्हणून यंत्राच्या मागच्या पायांखाली जुन्या दिवाळी अंकांचे सारख्या उंचीचे दोन गठ्ठे ठेवले जातात. ते ठेवताना कथास्पर्धेचा निकाल कोणत्या अंकात होता हे पाहण्यासाठी गठ्ठे सोडले जातात व उपचार संध्याकाळपर्यंत लांबतो. वस्तुतः यांतील कोणताही उपचार पडद्यामागे चाललेल्या घडामोडींपर्यंत पोहोचत नाही, कारण त्या घडामोडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या जागेत चाललेल्या असतात.

त्या समजून घेण्यासाठी चिपची रचना थोडी पाहिली पाहिजे. चिपचा मुख्य भाग म्हणजे सिलिकॉनचा एक पातळ चौकोनी तुकडा. तो पालथा घालून एका लहानशा हिरव्या पट्टीवर बसवलेला असतो आणि या पट्टीला सब्स्ट्रेट म्हणतात. सिलिकॉन आणि सब्स्ट्रेट यांना जोडण्यासाठी मध्ये सोल्डरचे, म्हणजे डाग देण्याच्या मिश्रधातूचे, शेकड्यांनी सूक्ष्म टिपके असतात, त्यांना बंप म्हणतात. आणि हा सगळा जोडीव ऐवज खालच्या मदरबोर्डला जोडण्यासाठी सोल्डरचेच, परंतु पुष्कळ मोठे गोळे असतात, त्यांना बॉल म्हणतात. तात्पर्य, डागकामाचे थर दोन आहेत, आणि वाचकाने हे लक्षात ठेवणे इष्ट आहे, कारण दुरुस्तीच्या बाजारातील बरीचशी उलाढाल या दोन थरांची गल्लत होण्यावर उभी आहे.

आता यंत्र चालू झाले की चिप तापते आणि बंद झाले की निवते. तापल्यावर सिलिकॉन अंशागणिक दशलक्षात सुमारे तीन भागांनी प्रसरण पावते, तर खालची पट्टी त्याच्या पाचेक पटीने. एकावर एक उभ्या असलेल्या या दोघांचे प्रसरणाबाबत कधीच एकमत होत नसल्यामुळे मधला बंप प्रत्येक वेळी आडवा ओढला जातो. त्याला आधार मिळावा म्हणून बंपांच्या मधल्या पोकळीत एक चिकट राळ भरून ती कडक केलेली असते. या राळेला अंडरफिल असे नाव आहे. प्रत्येक राळेचे एक ठरावीक तापमान असते, ज्याच्या वर ती कडकपणा सोडून मऊ पडते. हे तापमान चिपच्या रोजच्या कामकाजाच्या तापमानाहून बरेच वर असले तर काही बिघडत नाही. परंतु ते जवळपास असले तर ज्या घटकेला आधाराची खरी गरज, नेमक्या त्याच घटकेला आधार मऊ पडतो (अशी माणसेही असतात, पण तो या लेखाचा विषय नाही). मग सगळा ताण एकट्या बंपावर येतो, त्याला बारीक तडा जातो, आणि दर चालूबंदीला तो तडा किंचित पुढे सरकतो. चित्रलोप म्हणजे हा तडा पलीकडच्या टोकाला पोहोचल्याची बातमी होय.

ही बातमी जगाला अधिकृतपणे कळली ती २ जुलै २००८ रोजी. एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीने त्या दिवशी अमेरिकेच्या भांडवली बाजार नियंत्रकाकडे निवेदन सादर करून, लॅपटॉपमधील आपल्या काही जुन्या चिप नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात बिघडत असल्याचे कबूल केले आणि दुरुस्ती व बदलीच्या खर्चापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या समभागाची किंमत सुमारे ३० टक्क्यांनी घसरली, आणि वार्ताहरांनी बंप या शब्दावरून या प्रकरणाला बंपगेट असे नाव देऊन टाकले. परंतु विनोदाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्या निवेदनातील सर्वांत मोलाचा भाग आकड्यांचा नसून कारणमीमांसेचा आहे. तिथे बिघाडास हातभार लावणारी तीन कारणे दिली आहेत: चिपच्या बांधणीतील कमकुवत सामग्री, लॅपटॉपमधील उष्णता बाहेर काढण्याची व्यवस्था आणि ग्राहकांच्या वापराच्या सवयी. पहिले कारण चिप बनवणाऱ्याचे, दुसरे लॅपटॉप बनवणाऱ्याचे. तिसऱ्याने विकत घेणाऱ्यालाही भागीदार करून घेतले. ग्राहकाची ती सवय कोणती, याचा तर्क वरच्या परिच्छेदावरून करता येतो. तो लॅपटॉप चालू करीत असे, आणि काम झाल्यावर बंद करीत असे.

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांनी यावर जो पहिला उपाय केला तो पंख्याचा. यंत्राच्या मूळ आज्ञावलीत, जिला बायोस म्हणतात, दुरुस्ती करून पंखा लवकर सुरू व्हावा आणि जास्त वेळ फिरावा अशी तजवीज करण्यात आली. चिप कमी तापली तर तडा सावकाश पुढे जाईल हे त्यामागचे शास्त्र बरोबर होते. मात्र ज्याला आधीच तडा गेला आहे तो वाऱ्याने बुजत नाही. टीकाकारांचे म्हणणे असे पडले, की पंखा चिपला वाचवीत नसून तिला हमीच्या मुदतीपलीकडे पोहोचवीत आहे. याविषयी कंपन्यांचे अंतःकरण तपासण्याचे साधन उपलब्ध नसल्यामुळे हा वाद येथेच सोडणे बरे. डेल आणि एचपी या दोघांनीही बाधित मॉडेलांची हमी १२ महिन्यांनी वाढवली होती, हेही त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

परंतु हमी वाढवल्याने प्रश्न का सुटत नाही, हा या विषयाचा गाभा आहे. हमी, म्हणजे व्यवहारात ज्याला वॉरंटी म्हणतात ते वचन, दिवस मोजते. ते विक्रीच्या तारखेला सुरू होते आणि वर्षाने, दोन वर्षांनी ठरलेल्या तारखेला मध्यरात्री संपते. मधल्या काळात यंत्र वापरले की कपाटात ठेवले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. चिपला मात्र कॅलेंडर ठाऊक नसते. ती मोजते तापण्या-निवण्याची आवर्तने. म्हणजे एकाच यंत्राच्या आयुष्याचे दोन हिशेब दोन वेगळ्या एककांत चालू असतात व त्यांची सांगड घालण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नसते.

याचे परिणाम नीतिशास्त्राच्या विद्यार्थ्यास विचारात पाडणारे आहेत. जो मालक लॅपटॉप गादीवर ठेवून त्याचे हवेचे झरोके पांघरुणाने बंद करतो, दिवसातून दहा वेळा तो चालू-बंद करतो आणि रात्री त्यावर तोफा-बंदुकांचे खेळ खेळतो, त्याच्या बंपांची आवर्तने आठ-दहा महिन्यांत भरतात, चित्रलोप हमीच्या आत होतो व त्याला नवा बोर्ड फुकट मिळतो. याउलट मराठी मध्यमवर्गीय घरातील लॅपटॉप पाहावा. त्याच्या झाकणावरचा प्लास्टिकचा कागद काढलेला नसतो, कळफलकावर पारदर्शक रबरी आच्छादन असते, वर घरातल्या कोणीतरी क्रोशाने विणलेला रुमाल असतो, आणि यंत्र वीज बिल भरण्यापुरते व रविवारी परदेशातील मुलाशी बोलण्यापुरतेच सुरू केले जाते. जपून वापरले की वस्तू टिकते, या पिढीजात श्रद्धेने वागवलेल्या त्या यंत्राची आवर्तने सावकाश जमत जातात आणि हमी संपल्यावर, बहुधा गणपतीच्या सुटीत मुलगा ऑनलाइन आरतीला बसलेला असतानाच, भरतात. काटकसरीला इतकी चोख शिक्षा देणारी दुसरी व्यवस्था आधुनिक काळात सहसा आढळत नाही.

सुदैवाने, किंवा दुर्दैवाने, चित्रलोप हमीच्या आत झालाच तर मालकाचा प्रवेश सेवा केंद्रात होतो. तिथे त्याला टोकन मिळते, आणि पुढे जॉब शीट नावाचा एक कागद भरला जातो. या कागदाच्या रचनेचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. त्यात यंत्राच्या विकारासाठी एक ओळ असते व तिच्यात 'नो डिस्प्ले' एवढे दोन शब्द लिहिले जातात. त्याखाली यंत्राच्या बाह्यरूपासाठी पुष्कळ जागा असते व ती मात्र रिकामी राहत नाही. झाकणावरचे ओरखडे, उजव्या कोपऱ्याचा पोचा, स्पेसबारचा उडालेला रंग, तळाचा हरवलेला एक स्क्रू, हे सारे काउंटरवरचा तरुण यंत्र उजेडात तिरके धरून बारकाईने टिपतो. सोबत चार्जर दिला की नाही हे लिहिले जाते. बॅटरीचा क्रमांक लिहिला जातो. सर्वांत खाली, यंत्रातील माहिती नष्ट झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही या वाक्यावर सही घेतली जाते, आणि ते वाक्य वाचण्यासाठी चष्मा काढणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाला "काही नाही काका, फॉर्मॅलिटी आहे" असा धीर दिला जातो. खरेदीची पावतीही लागते. ती पुष्कळदा थर्मल कागदावर, म्हणजे उष्णतेने अक्षरे उमटवण्याच्या कागदावर, छापलेली असते आणि असा कागद ऊन लागले किंवा दिवस गेले की आपोआप पांढरा पडतो. जपून, प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलेली ती पावती बाहेर काढावी तर तिच्यावरही चित्रलोप झालेला असतो.

यानंतर यंत्र आत जाते आणि मालकाचा संबंध फोनपुरता उरतो. सेवा केंद्राच्या उत्तरांचे काही ठरीव प्रकार आहेत. "इंजिनीअरने अजून पाहिलेलं नाही" हा पहिला. "पार्ट मागवलाय" हा दुसरा व सर्वांत दीर्घायुषी. "वरून अप्रूव्हल यायचंय" हा तिसरा. या 'वर'चा नेमका पत्ता आजवर कोणत्याही ग्राहकास मिळालेला नाही. चौथा प्रकार ऐकायला सुखद परंतु फलतः सर्वांत घातक असतो, तो म्हणजे "सर, तुमचा लॅपटॉप तर ओके आहे". तडा गेलेला बंप थंड असताना कधीकधी जुळून बसतो, सेवा केंद्रातील वातानुकूलित खोलीत यंत्र दोन तास सुरळीत चालते, आणि वैद्याच्या ओट्यावर पाय ठेवताच दाढदुखी थांबावी तशी ही स्थिती होते. मग जॉब शीटवर 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून यंत्र परत केले जाते. ते घरी नेऊन तासभर तापवले की रेघा पुन्हा हजर. या फेरीत हमीचे जे दिवस जातात ते कोणाच्या खात्यात धरायचे, याविषयी बहुतेक हमीपत्रे मौन पाळतात.

दोष मान्य झाला तर मदरबोर्ड बदलतात. ग्राफिक्स चिप बोर्डाला डाग देऊन पक्की बसवलेली असल्याने एकटी चिप बदलण्याची पद्धत सेवा केंद्रात नसते. बंप मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा असला तरी त्याच्यापायी सगळा बोर्ड जातो. बदलून आलेला बोर्ड पुष्कळदा नवा नसून दुसऱ्या कोणाच्या तरी यंत्रातून परत आलेला, दुरुस्त केलेला असतो. तो नवा असला तरी त्यावर चिप त्याच जातीची असते, कारण त्या मॉडेलात दुसरी बसत नाही. म्हणजे दुरुस्तीने दोष दूर होत नाही, दोषाचे आवर्तनांचे मीटर फक्त शून्यावर येते. हमीचे मीटर मात्र शून्यावर येत नाही. बदललेल्या भागासाठी मूळ हमीचे उरलेले दिवस किंवा ९० दिवस, यांपैकी जे जास्त ते, अशी तरतूद अनेक कंपन्यांत आढळते. आणि तीन महिन्यांत भरत नसतील इतकी आवर्तने चौथ्या महिन्यात भरतात.

ॲपल कंपनीच्या मॅकबुक प्रो या यंत्राचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. एनव्हिडियाने २००८ मध्ये दोष मान्य करतानाच, मॅकमधील चिपना बाधा नसल्याचे आश्वासन ॲपलला दिले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ॲपलने स्वतः तपास करून, जीफोर्स ८६००एम जीटी ही चिप असलेली काही मॅकबुक प्रो बाधित असू शकतात असे जाहीर केले. खरेदीपासून दोन वर्षांत बिघाड झाल्यास मोफत दुरुस्ती, अशी घोषणा झाली. पुढे दोनाची तीन वर्षे झाली आणि तीनाची चार. लक्षणांच्या यादीत 'संगणक चालू असूनही पडद्यावर चित्र नाही' असे वाक्य होते. यानंतर कंपनीने चिपचा पुरवठादार बदलला, आणि २०११ च्या मॉडेलांत एएमडीची रेडिऑन चिप आली. कंपनी आगीतून निघून फुफाट्यात गेली. संतप्त मालकांनी याचिका केल्या, २०१४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला, आणि २०१५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे पहिली यंत्रे विकली गेल्यानंतर चार वर्षांनी, २०११ ते २०१३ या काळातील मॅकबुक प्रोंसाठी मोफत दुरुस्तीचा कार्यक्रम सुरू झाला. बदललेल्या बोर्डावरही तीच चिप असल्याने काही मालकांनी दोन-दोन, तीन-तीन बोर्ड पाहिले. शेवटी जाणकारांनी एक निराळीच वाट काढली: आज्ञावलीत फेरफार करून, किंवा बोर्डावरचा एक बारीकसा रोधक काढून टाकून, ती बहुमोल रेडिऑन चिप कायमची बंद करायची आणि प्रोसेसरच्या पोटातील साध्या ग्राफिक्सवर यंत्र चालवायचे. ज्या चिपसाठी जास्तीचे पैसे मोजले ती बंद केल्यावर यंत्र उत्तम चालू लागले.

त्याआधी, बंपगेटवरून ग्राहकांनी एनव्हिडियावर भरलेला खटला अमेरिकेत तडजोडीने मिटला होता. २०१० च्या त्या तडजोडीनुसार डेल व ॲपलच्या ग्राहकांना चिप अथवा बोर्डाची बदली, आणि एचपीच्या बहुतेक ग्राहकांना बदली लॅपटॉप मिळायचा होता. हा बदली लॅपटॉप म्हणजे कॉम्पॅक सीक्यू५६ हे एकगाभी प्रोसेसरचे, कंपनीच्या यादीतील तळाच्या किमतीचे मॉडेल ठरले. करमणुकीचे परिपूर्ण साधन म्हणून भारी किंमत देऊन घेतलेल्या यंत्राच्या बदल्यात हे मिळाल्यावर ग्राहकांनी न्यायालयात आक्षेप घेतले, यात नवल नाही. महाराष्ट्राशी या तडजोडीचा संबंध आला तो तिच्या बाहेर राहण्यामुळे. त्या काळात अमेरिकेतून सुटीवर येणारा प्रत्येक जण कोणासाठी तरी लॅपटॉप घेऊन येत असे. तिकडे तो स्वस्त पडे, आणि चॉकलेटे व बदामांच्या पाकिटांमधून तो सुखरूप येई. येत नसे ती हमी, कारण अनेक यंत्रांची हमी ज्या देशात विक्री झाली त्या देशापुरतीच होती. तडजोडही अमेरिकेतील रहिवाशांसाठी होती. त्यामुळे डोंबिवलीत चित्रलोप झाला की यंत्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कपाटात थांबे, मग परत जाणाऱ्या कोणाच्या तरी सामानातून न्यू जर्सीला जाई, तिथे ते ज्याच्या नावावर होते त्याने नोकरी बदलून टेक्सास गाठलेले असे, आणि असे ते घोंगडे दोन खंडांत भिजत पडे.

हमी संपलेल्यांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे. कागदोपत्री त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, परंतु मदरबोर्ड घेऊन निघालेल्या माणसाला ते नाव सांगून कोणी वाट दाखवत नाही. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या या रस्त्यावर, वरच्या मजल्यांवरच्या चिंचोळ्या गाळ्यांत, दुरुस्तीचे जे कौशल्य चालते त्याला तोड नाही, आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसचा अपवाद केल्यास देशात त्याला फारसे प्रतिस्पर्धीही नाहीत. कारागीर बोर्ड उघडा करून दिव्याखाली धरतो, चिपवर बोट दाबून यंत्र सुरू करतो, पडद्यावर क्षणभर चित्र आले की मान डोलावतो आणि म्हणतो, "काका, आयसी सुटलाय. हीट मारून देतो, पण गॅरंटी नाही. रिबॉलिंग केलं तर तीन महिने." येथे सेवा केंद्रातल्याप्रमाणे 'वरून' मंजुरी लागत नाही, कारागीर, व्यवस्थापक व सर्वोच्च अधिकारी एकाच स्टुलावर बसलेले असतात.

आयसी म्हणजे आपली चिपच. हीट मारणे म्हणजे गरम हवेच्या झोताने ती तापवणे. रिबॉलिंग म्हणजे चिप बोर्डापासून उचलून, तिच्याखालचे जुने सोल्डरचे गोळे खरवडून, जाळीदार साच्यातून नवे गोळे बसवून, फ्लक्स नावाचे डागकामाचे रसायन लावून ती पुन्हा जागेवर चिकटवणे. हे दुसरे काम पाहत राहावे असे असते. अडचण इतकीच, की बंपगेटमधील तडा चिपच्या आतल्या बंपांत होता आणि रिबॉलिंग होते ते खालच्या बॉलांचे. दुरुस्ती निर्दोष होते, पण दुसऱ्याच थराची. तरीही यंत्र सुरू होते, कारण या खटाटोपात चिप चांगलीच तापते, आतले सगळे प्रसरण पावते आणि तडा तात्पुरता जुळतो. ग्राहक खूश होतो, कारागीरही प्रामाणिकपणे खूश होतो, आणि दोघांच्या संमतीने ठरलेली तीन महिन्यांची मुदत अनुभवातून आलेली असल्यामुळे कंपनीच्या हमीपेक्षा तडा ओळखण्यात अधिक अचूक ठरते.

तापवल्याने चित्र परत येते हे कळल्यावर जगभरच्या हौशी मंडळींनी बोर्ड सुटा करून तो घरच्या ओव्हनमध्ये, साधारण २०० अंशांवर, सात-आठ मिनिटे भाजण्याची प्रथा पाडली. शिसेविरहित सोल्डर वितळते सुमारे २१७ अंशांना, म्हणजे ओव्हनमध्ये प्रत्यक्षात काहीच वितळत नाही. पण यश येत असे, म्हणून प्रथा टिकली. (एक्सबॉक्स ३६० या खेळाच्या यंत्राचे मालक तर ते टॉवेलात गुंडाळून त्याच्याच उष्णतेत शिजवीत. त्या यंत्राच्या बिघाडांपायी मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये हमी तीन वर्षांची केली आणि १०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूला काढली.) महाराष्ट्रात ही प्रथा फारशी रुजली नाही, याचे श्रेय शास्त्रीय दृष्टीला देण्याचे कारण नाही. आपल्याकडे ओव्हन हे बहुतांशी कढया, पोळपाट आणि न लागणारी झाकणे ठेवण्याचे कपाट असते, आणि ते रिकामे करण्यापेक्षा लॅमिंग्टन रोडला जाणे सोपे पडते. शिवाय जिथे नानकटाई भाजायची तिथे फ्लक्सची वाफ सोडणे प्रकृतीला अपायकारक आहे, ही घरातील ज्येष्ठ स्त्रियांची हरकत या बाबतीत पूर्णपणे शास्त्राला धरून होती.

राहता राहिला कायदा. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रात ग्राहकाने तक्रार करायला लाजू नये हे शिकवले गेले आहे, आणि २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा आयोगाकडे शुल्क न भरता दाद मागता येते. लॅपटॉपचा मालक तिथे जातो. दोष नुसता पाहून ठरवता येत नसेल तर कलम ३८ अन्वये वस्तू मोहोरबंद करून योग्य त्या प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद आहे, आणि प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यावा अशी अपेक्षा आहे. प्रयोगशाळाही बहुधा वातानुकूलित असते. तिथे यंत्र नीट चालले तर काय, हा प्रश्न कायद्याने तज्ज्ञांवर सोपवला आहे.

दोष सिद्ध झालाच तर कलम ३९ आयोगाला निरनिराळे आदेश देण्याची मुभा देते. पहिला, दोष दूर करून द्यावा. तो प्रयोग सेवा केंद्रात अनेक वेळा झालेला असतो. दुसरा, त्याच वर्णनाची, पण दोषरहित, नवी वस्तू द्यावी. येथे विधिज्ञांनी थोडे थांबायला हवे होते. ज्या मॉडेलाच्या प्रत्येक यंत्रात तीच चिप आहे, त्याच्या बाबतीत वस्तू त्याच वर्णनाची असेल तर दोषरहित नसते, आणि दोषरहित असेल तर त्या वर्णनाची नसते. म्हणून अनुभवी वकील तिसऱ्याच पर्यायावर, म्हणजे किंमत परत मिळण्यावर, भर देतात. त्यासाठी बिघडलेले यंत्र कंपनीला परत करावे लागते आणि ऐन वेळी घरातून विरोध होतो, कारण त्यात लग्नाचे फोटो असतात. फोटो ज्या डिस्कवर असतात तिला या सगळ्या प्रकरणात कधीच काही झालेले नसते. लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर दोन स्क्रू काढून ती पाच मिनिटांत हातात ठेवतो, आणि तिच्यासाठी केबलसकट एक डबी विकतो. डबीची गॅरंटी विचारली तर, "चालेपर्यंत."